न धरलेले दहा उपवास

१४ ऑगस्ट, गुरुवार

दवाखान्यातून घरी येऊन चार दिवस झाले. आज पेन धरलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असू दे, कुणाला दाखवायचंय.

सकाळी वेणी घालायला बसले. निम्मी झाली आणि हात वर राहीनात. तशीच आडवी झाले. आत्तींनी दारातून पाहिलं, आत आल्या, उरलेली निम्मी घातली. लग्नाला बावीस वर्षं झाली, सासूनं वेणी घातली ती आज. रडू आलं. रडायलाही दम लागतो हे नवीनच कळलं.

बॅटरी एक कांडी. मोबाईलची नव्हे, माझी.

१५ ऑगस्ट

औषधाच्या बाटलीच्या टोपणानं पाणी. एक टोपण, थांबा, दुसरं टोपण. घाई केली की छातीत दगड बसतो. दिवसभर हाच धंदा. मुगाचं पाणी, ताकाची निवळ, आणि ती प्रोटीनची पावडर कालवलेलं पांढरं पाणी. त्याला मी नुसतं प्रो. म्हणते. चव फळा पुसलेल्या फडक्यासारखी.

पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवलीय म्हणे. डॉ. म्हणाले होते, 'ऑपरेशन आमचं, नंतरचे तीन महिने तुमचे.' तेव्हा मोठ्या तोऱ्यात मान हलवली होती.

बाहेर झेंडावंदनाची गाणी. खिडकीपर्यंत गेले, परत आले, झोपले. तेवढ्यात दुपार झाली.

१७ ऑगस्ट, रवि.

पेठ वडगावहून माझा भाऊ आणि वहिनी येऊन गेले. त्यांना, माझ्या पतसंस्थेत, गल्लीत, सगळीकडे एकच सांगितलंय: पित्ताशयातले खडे काढले. वहिनी विचारत होती, खडे दाखवले का. हे म्हणाले, 'दाखवले की. बारकंबारकं हुतं.' माझा नवरा पंप-मोटारी विकतो, गिऱ्हाइकाला कधी थाप मारत नाही. वहिनीला मारताना मात्र डोळा लवला नाही.

खरं सांगायची लाज जेवढी मला आहे तेवढीच घराला. आमच्या जैनांत ताट सोडणाऱ्याला मान. ज्यानं जास्त सोडलं तो मोठा. मला जन्मात ताट सोडता आलं नाही, म्हणून भूल घेऊन पोट कापून घेतलं. साखर वाढलेली, गुडघे गेलेले, दुकानावरचा हा आमचा जिना चढताना मधे दोनदा बसायची, हे आत्तींनी रोज पाहिलंय. तरी ऑपरेशनच्या आधी म्हणाल्याच, 'तोंडाला कुलूप घालायचं सोडून पोटाला कातरी? कुनाला सांगू नगंस बाई.'

मीही सांगितलं नाही.

२० ऑगस्ट

तपासणीला गेलो. आहाराच्या मॅडम वयानं पोर, बोलण्यात सासू. 'पाणी कमी पडतंय तुमचं, म्हणून अंगात त्राण नाही. उठल्यापासून झोपेपर्यंत घोट घोट चालू पाहिजे. संध्याकाळी किती घेता?'

हे म्हणाले, 'आमच्यात दिवस मावळला की बंद.'

'पाणीसुद्धा?'

'पाणीसुद्धा.'

तिनं पेन खाली ठेवलं. बराच वेळ समजावलं. मी नाहीच म्हटल्यावर म्हणाली, 'मग दिवसा एक घोट चुकवायचा नाही. चुकवलात तर इथं सलाईन लावायला यायचं.'

हा नियम मी लग्नाआधी मुनी महाराजांसमोर घेतलाय. खाण्यापुढे मी आयुष्यभर हरले, पण हा एक कधी मोडला नाही. धर्माच्या नावावर माझ्याजवळ एवढंच आहे. पोट कापून दिलं, हे नाही देणार.

२३ ऑगस्ट

अंघोळ केली. प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून. मग ओल्या केसांनी कॉटवर, मग झोप, मग दुपार. आज केलेलं काम: अंघोळ.

मला वाटलं होतं, ऑपरेशननंतर हलकं वाटेल. वजन उतरतंय, खोटं कशाला बोलू. पण अंगातून मांसाबरोबर मीही चालल्यासारखी वाटते. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, 'होईल की.' ह्यांचं सगळं 'होईल की'.

२६ ऑगस्ट, मंगळवार

एक घोळ झाला. नीट लिहून ठेवते.

दुपारी मंगलवहिनी आली. आमच्या बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, महिला मंडळाची अध्यक्ष, देवळात तिच्यावाचून घंटा हलत नाही. परवापासून दहा दिवसांचं दशलक्षण पर्व, त्याची वर्गणी मागायला. आत्ती आणि हे जेवायला बसलेले, मी कॉटवर नुसती. माझं पांढरं पाणी आत्तींनी तिची चाहूल लागताच पडद्यामागं सरकवलेलं.

'सुजातावैनी जेवत न्हाईत?'

ह्यांचा घास तोंडात. मी तोंड उघडेपर्यंत आत्ती बोलून गेल्या, 'तिचं नियमाचं काय काय चालू हाय.'

'पर्वाच्या आदीपासनंच? म्हंजे दहा धरनार!'

आत्ती नाही म्हणाल्या नाहीत. व्हय पण म्हणाल्या नाहीत. नुसता भात कालवत राहिल्या. मंगलवहिनी उठून माझ्या पायाशी आली, डोळ्यांत पाणी. 'ऑपरेशन होऊन महिना न्हाय झाला, आनि दहा उपवास. धन्य हाय बाई तुजी.'

मी म्हणायला हवं होतं, अहो तसं नाही. एवढंच वाक्य. पण तेव्हा बॅटरी अर्धी कांडी होती, आणि तिच्याशी वाद म्हणजे तासाचं काम. डोळे मिटून घेतले. तिला ते ध्यान वाटलं.

ती गेल्यावर आत्ती म्हणाल्या, 'तोंडातनं गेलं गं.' नंतर जपमाळ घेऊन बसल्या त्या दिवस मावळेपर्यंत.

२८ ऑगस्ट

पर्व लागलं. सकाळी अभिषेक झाल्यावर बस्तीत कुणीतरी माझं नाव पुकारलं म्हणे. दहा वाजल्यापासून बायका. तपाला अनुमोदना द्यायला यायचं, पाया पडायचं, दोन भजनं म्हणायची, ही आमच्यातली रीत आहे. चांगली रीत आहे. मीसुद्धा किती जणींच्या पाया पडून आलेय.

पाच बायका गेल्या की सात येतात. माझ्याहून मोठ्या बाया पाय चेपतात. मी पाय ओढून घेतला तर म्हणतात, बघा, किती विनय.

प्रो. बाकावर, पडद्यामागं. हात पुरेल एवढ्यावर. घेता येत नाही, दहा उपवासवाल्याला दिवसातून एकदाच पाणी, तेही उकळलेलं.

२९ ऑगस्ट

संडासात टोपण आणि बाटली लपवून ठेवलीय. तिथं बसून घोट घेते. चौथ्या टोपणाला दारावर थाप, 'वैनी, चक्कर आली काय?' घाईत गिळलं, छातीत दगड, डोळ्यांपुढं चांदण्या. बाहेर आले तर दोघींनी दोन्हीकडून धरलं.

आणि दिवस मावळल्यावर बायका जातात तेव्हा माझा नियम आडवा येतो. दिवसा लोक, रात्री धर्म. घोटाला जागाच उरली नाही.

३० ऑगस्ट, शनि.

ह्यांना म्हटलं, तुम्ही सांगा. पुरुषमाणूस बोलला की मिटतं. ह्यांनी मोबाईल पुढे केला. गल्लीच्या कोपऱ्यावर फ्लेक्स लागलाय. मंडळाचा. माझा फोटो पुतण्याच्या लग्नातला, गाल खांद्यांना टेकलेले, वर मोठ्या अक्षरात दहा उपवासांबद्दल हार्दिक अनुमोदना. त्याच्या शेजारी गणपतीच्या मंडळाच्या पोरांचे फ्लेक्स, गॉगल लावलेले. त्या पोरांत मी.

'आता कसं सांगायचं?' हे म्हणाले. 'दुकानात येईल तो हात जोडतोय. जाऊ दे की, दहाच दिवस.'

मी म्हटलं, तुमचं दुकान आहे, माझा जीव आहे. मोठ्यानं म्हणायचं होतं. निघालं ते पुटपुटल्यासारखं. ह्यांनी विचारलं, 'काय म्हनलीस?' परत म्हणायचं त्राण नव्हतं. 'काही नाही' म्हटलं.

नाही म्हणायला अंगात बळ लागतं. हे कुणी सांगत नाही. मी धडधाकट असताना गल्लीत माझ्या तोंडाला कुणी लागायचं नाही. आता मला कुणीही काहीही करावं.

१ सप्टेंबर

लघवी काळपट. ओठ फुटले. मंगलवहिनी म्हणाली, 'तपाचं तेज आलंय तोंडावर.'

२ सप्टेंबर

चालताना भिंत धरली, भिंत मिळाली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडले. लागलं नाही. पडलेली असताना ओट्याखालचं दिसलं. आत्तींचं दुपारचं ताट, वाढलेलं, झाकून ठेवलेलं, तसंच्या तसं. शेजारी कालचं ताट, घासलेलं नाही, कारण त्यात काही खाल्लेलंच नव्हतं.

'आत्ती, तुम्ही जेवला नाही?'

'उठ आदी.'

'किती दिवस?'

मला उठवायचा प्रयत्न करत होत्या, त्यांच्यानंही होईना. शेवटी माझ्याजवळ फरशीवर बसल्या. बाहत्तर वर्षांचं वय, बी. पी. ची गोळी.

'पैल्या दिवसापासनं,' म्हणाल्या. 'लोकं येत्यात, पाया पडत्यात, एवढं पुण्य कुनाच्या तरी नावावर पायजे का न्हाय? सगळं फुकट घ्यायचं? तुज्याच्यानं हुनार न्हाय. कुनीतरी धरायला पायजे की.'

ह्यांच्यासमोर ताट वाढून घ्यायच्या आणि हे दुकानात उतरले की झाकून ठेवायच्या. दुपारी एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. गोळीही तेव्हाच.

मी म्हटलं, सोडा. हात जोडले. रडले. म्हणाल्या, 'तू रडू नगंस, पानी जातंय अंगातलं.'

दोघी फरशीवर बसलो होतो. हे वर आले तेव्हा आधी कुणाला उचलावं ते त्यांना कळेना.

३ सप्टेंबर

सलाईन. बायकांना सांगितलं, टाके बघायला गेलेय. डॉ. खूप बोलले. ऐकून घेतलं. बाटली शिरेत जाताना कधी नव्हे ते बरं वाटलं, एक कांडी, दोन कांड्या. आत्ती शेजारी खुर्चीत. नर्सनं त्यांना चहा दिला, त्यांनी तो ह्यांना दिला.

मी डॉ. ना म्हटलं, आत्तींनापण तपासा. आत्ती उठून बाहेर जाऊन बसल्या. हे मधे उभे, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत. त्यांच्यावर चिडायलाही मला सलाईन लागलं, पण चिडले. म्हटलं, घरी गेल्यावर पहिला तो फ्लेक्स उतरवा. म्हणाले, 'मंडळाचा हाय, आपल्याला हात लावता येत न्हाय.'

४ सप्टेंबर

कालच्या सलाईनच्या जोरावर मंगलवहिनीला बोलावलं. बाकीच्या बायकांना बाहेर बसवलं. सांगून टाकलं. खडे नव्हते. वजनासाठी पोट कापलंय. उपवास नाही, पोटात जागाच नाही. आणि रोज चोरून पिते.

ती माझ्या पायाकडे बघत बसली. रोज चेपायची ते पाय.

'आत्तींना म्हाईत हाय?'

'त्यांच्याच तोंडून गेलं. आणि आता त्याच खरे उपवास करतायत. त्यांना थांबवा. तुमचं ऐकतील.'

ती उठली. पदर सारखा केला. 'सुजाता, तू अशक्त झालीयास. उपवासात मन असं भरकटतंय, मी लई जनींचं बघितलंय.' दारात थांबली, मागं न बघता म्हणाली, 'रविवारी पारन्याला बँड सांगिटलाय. बग्गी सांगिटलीया. सगळ्या पेठांतनं बाया येनार हाईत. मी कायबी ऐकलेलं न्हाय.'

बाहेर जाऊन बायकांना म्हणाली, 'भजन म्हना गं.'

होती तेवढी मोजकी ताकद मी त्या चार-पाच वाक्यांवर घालवली होती. संध्याकाळपर्यंत कूस बदलता आली नाही.

५ सप्टें.

मंगलवहिनी ब्लाउजचं माप घ्यायला आली. मंडळातर्फे साडी. नजरेला नजर देत नव्हती. माझ्या दंडाभोवती टेप धरून म्हणाली, 'लई उतरलीस.' मग हळूच, दोघींनाच ऐकू येईल असं, 'दुकतंय का गं तिथं? पोटात?'

म्हटलं, नाही, नुसतं रिकामं वाटतं.

तिनं मान हलवली. माप लिहून घेतलं आणि जाताना सगळ्या बायकांना घेऊन गेली. 'वैनींना आज एकांत पायजे' म्हणाली. दुपारभर कुणी आलं नाही. घोट घोट घेतलं, पहिल्यांदाच मॅडमनी सांगितलं तसं. वाईट बाई नाही. तीही कुठेतरी अडकलीय. पण अडकलेल्या सगळ्यांनी मिळून मला धरून ठेवलंय.

आत्ती झोपूनच. विचारलं की म्हणतात, 'दोनच ऱ्हायले.'

६ सप्टें., अनंत चतुर्दशी

विसर्जनाच्या मिरवणुका. साउंडनं खिडकीच्या काचा थरथरतायत, आणि माझ्या छातीत तेवढंच. रस्ते बंद. ह्यांना म्हटलं, आत्तींना काही झालं तर गाडी कुठून न्यायची? 'काय हुत न्हाय.' पण दर थोड्या वेळानं आत जाऊन त्यांच्या नाकाशी हात धरून येतायत, मी पाहिलं.

दुपारी आत्तींचं पाणी मी नेलं. कप धरताना त्यांचा हात हलत होता, माझाही. निम्मं सांडलं. त्यांनी दुसरं घेतलं नाही. दिवसातून एकदाच म्हणजे एकदाच. माझ्याच हातून सांडलं. ह्याचं मला काय करावं कळत नाही.

७ सप्टेंबर, रविवार, सकाळ

बँड खाली आलाय. रात्रभर गणपतीपुढं वाजवून तसाच आलेला दिसतोय. एक जण दुकानाच्या पायरीवर झोपलाय, दुसरा ह्यांना म्हणतोय, 'पावनं, च्या तरी सांगा.' पोरं बग्गीला झेंडूच्या माळा बांधतायत. मला नवी साडी नेसवलीय. ब्लाउज मापाचा शिवूनही सैल.

बायकांना खाली पाठवून मी आत्तींच्या कॉटवर येऊन बसलेय. मुगाचं पाणी वाटीत घेऊन.

'आत्ती, दिवस वर आला. घ्या आता.'

'आदी तुजं हुंदे.'

'माझं काय व्हायचंय? माझा उपवासच नाही.'

'म्हनूनच. मी तुज्या नावानं धरल्यात. चार मान्सांत तुज्या तोंडात घास पडला की माझं सुटलं. त्याच्या आदी न्हाय.'

मी म्हटलं, मग मी खाली जाऊन खरं सांगणार. सगळ्यांसमोर. हार तुमच्या गळ्यात घालणार.

त्या शांतपणे म्हणाल्या, 'सांग की. मी न्हाय अडवत. मग खोटं बोलले म्हनून मी आनि दहा धरीन.'

त्या म्हणतात ते करतात, हे बावीस वर्षं बघतेय.

खाली जाऊन घास घेतला तर ह्या वाचतील, आणि मी मरेपर्यंत दहा उपवासांची बाई. येईल ती पोर पाया पडणार आणि पुढच्या पर्वाला विचारणार, काकी, औंदा किती? खरं सांगितलं तर आत्तींचं काय होईल ते डॉ. ना विचारायची गरज नाही. दोन्हीला उठावं लागणार, आणि अंग उठत नाही.

बँड सुरू झाला. मंगलवहिनी जिन्यातून हाक मारतेय, 'वैनी, यायचं न्हवं?' आत्तींनी माझ्यापुढं हात केलाय, मला उठवायला. त्यांना स्वतःला बसता येत नाहीये, भिंतीला टेकून हात पुढे केलाय. दुसरा हात वाटीकडे जात नाही, मी तीनदा सरकवली.

पावलं वर यायला लागली. हात अजून तसाच पुढे आहे. मी तो धरलेला नाही.